सात नंबरचं वाढं

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास पानांचा रिपोर्ट आला, तेव्हा संपदा घरी निघायच्या तयारीत होती. शुक्रवारी अर्धाच दिवस. रास अल खैमाच्या ह्या शेतावरून दुबईत अल कुसैसला घरी पोचायला तास-सव्वा तास लागायचा, म्हणून पर्स खांद्याला लावून उभ्याउभ्याच तिनं मेल उघडली. उसाचे बारा प्लॉट, तक्त्यात बारा ओळी. स्फुरद, पालाश, जस्त, लोह. नजर सवयीनं खाली सरकत गेली आणि सात नंबरच्या ओळीशी अडली.

नायट्रेट: सुक्या वजनाच्या ३.१ टक्के.

तिनं आधी दशांश चिन्ह पाहिलं. मग एकक पाहिलं. मग नमुन्याचा क्रमांक आपल्या वहीतल्या क्रमांकाशी जुळवला. पानं तिनंच मंगळवारी कापली होती, पाकिटावरचं अक्षरही तिचंच. बाकीचे प्लॉट अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. एकटा सात नंबर असा.

तिनं पर्स टेबलावर ठेवली.

दीड टक्क्याच्या वर नायट्रेट असलेला चारा जनावराला घालू नये, हे राहुरीला दुसऱ्या वर्षाला असताना तिनं पाठ केलं होतं. तीन टक्क्यांचं काय होतं, तेही पुस्तकात एका ओळीत होतं. उपाशी जनावरानं एकदम खाल्लं तर दोन-तीन तासांत मृत्यू. रक्तातला प्राणवायू वाहणारा भागच निकामी होतो. जनावर हवेत उभं राहून गुदमरतं.

पण इथं जनावरं नव्हती. शेडनेटखाली उसाच्या चार जाती होत्या, शारजा-दुबईच्या रसाच्या दुकानांसाठी कुठली परवडेल ते पाहायला लावलेल्या. सात नंबर प्लॉट कालच, गुरुवारी तोडला होता. उसाची कांडी वजनाला गेली आणि शेंड्याचं वाढं कोपऱ्यात ढीग करून ठेवलं. रविवारी त्याचं कंपोस्ट करायचं होतं. म्हणजे ते आहे तिथंच असणार. फक्त त्यावर ताडपत्री टाकायची आणि चिठ्ठी लावायची. एवढं मनाशी म्हणत ती शेडनेटकडे चालत गेली, आणि कोपऱ्यात तिला ओली वाळू आणि पाच-सहा पिवळी पाती तेवढी दिसली.

दगडू नळावर पाय धूत होता. पन्नाशीचा, बीडकडचा माणूस. बायकोबरोबर, तानुबाईबरोबर, वीस हंगाम त्यानं कारखान्यांच्या टोळ्यांत ऊस तोडला होता. नुसता बुडखा बघून उसाचं वय सांगणारा ह्या शेतावर तो एकटाच. मॅनेजर शौकतभाई रत्नागिरीचे. त्यांनीच त्याला एका बांधकामाच्या साइटवरून हेरून इथं आणलं होतं.

"दगडूभाऊ, कालचं वाढं कुठंय?"

"पोचलं की, म्याडम." त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "हज्जाच्या बकऱ्यांना. शाहबाजच्या गाडीत सांच्यालाच भरून दिलं. असलं हिरवंगार वाढं! आमच्याकडं ह्याच्यापायी डोकी फुटत्यात."

"शेतातून काही बाहेर न्यायचं नाही, हे तुम्हाला लेखी दिलंय ना?"

"ऊस न्यायचा न्हाई," दगडूनं तिला समजावून सांगितलं. "ऊस मालकाचा. वाढं तोडणाऱ्याचं. ते कुणी विचारत असतं व्हय?"

त्यात लबाडी नव्हती. टोळीत असंच असतं. ऊस कारखान्याचा, आणि वाढं ज्याच्या हातात कोयता त्याचं. बैलाला घाला, विका, कुणाला द्या. वीस वर्षांची ती रीत एका पत्रानं त्याच्या डोक्यातून जाणार नव्हती. ते पत्र नोव्हेंबरात निघालं होतं. कॅम्पातल्या पोरांनी तुळशीचं लग्न लावलं, त्याच्या मांडवाला दगडूनं पाच ऊस नेले, आणि कंपनीनं वॉर्निंग लेटर दिलं. दुसऱ्या चुकीला व्हिसा कॅन्सल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शौकतभाईंनी ते त्याला मराठीत वाचून दाखवलं होतं, आणि दगडूनं ते ऐकून "ऊस आता न्हेणार न्हाई" म्हणून अंगठ्याऐवजी ऐटीत सही केली होती.

"बकऱ्यांनी खाल्लं का ते?"

"काल न्हाई. काल पोचेस्तवर अंधार पडला व्हता. शाहबाज म्हणला सकाळी घालतो. दोन दिस झाले चाऱ्याचा ट्रकबी आला न्हाई म्हणं, बकऱ्या उपाशीच हायत. मी म्हणलं, बरंच झालं, चांगल्या तुटून पडत्याल..." तो थांबला. "काय झालं, म्याडम? तोंड का असं केलं?"

संपदा हज्जाच्या गुराख्याला, शाहबाजला फोन लावत होती. फोन बंद होता. शुक्रवार. तो बकऱ्यांचं आवरून, आंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला लवकरच जातो, हे तिला माहीत होतं. शौकतभाईही पिकअप घेऊन गेले होते. तिनं पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"बसा गाडीत," ती म्हणाली. "चपला असू द्या. बसा."

हज्जा म्हणजे इथलीच एक म्हातारी अरब बाई. तिचा अझबा, म्हणजे बकऱ्यांचा वाडा, डोंगराच्या पायथ्याशी होता, कच्च्या रस्त्यानं सहा किलोमीटर. संपदाची छोटी गाडी खड्ड्याखड्ड्यांतून आदळत चालली. आठ दिवस उतरलेलं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. ह्या धुक्याचाही त्यात हात होता, हे तिला गाडी चालवता चालवता कळत गेलं. ऊन असलं की पान आतलं नायट्रेट पचवतं, त्याची प्रथिनं करतं. आठ दिवस ऊन नाही. मुळं मात्र ठिबकच्या नळीतून खत येईल तेवढं पीत राहिली.

आणि नळीतून किती येत होतं, ते तिनंच ठरवलं होतं.

सातमधला ऊस रसाचा, ही जात फक्त त्याच प्लॉटात. मऊ, लवकर तयार होणारा, थोडक्यात भागणारा. शेजारचा ८६०३२ म्हणजे खादाड जात. त्याला खत चढंच लागतं. पण तुलना सोपी व्हावी म्हणून तिनं चारही जातींना ८६०३२ च्या मापानं एकच मात्रा लावली, एका टाकीतून, एका व्हॉल्व्हवर. डिसेंबरात दगडू पान हातात घेऊन आला होता. "म्याडम, ह्येचं पान बगा, काळं पडायलंय. ह्या उसाला यवढं पचत न्हाई. शह्याऐंशीला वाढताव तेवढं ह्याला वाढू नका." ती हसली होती. "दगडूभाऊ, ही ट्रायल आहे. ट्रायलमध्ये सगळ्यांना सारखं." पान तिनं टेबलावर ठेवलं. वहीत काही लिहिलं नाही.

"म्याडम, इख हाय का त्याच्यात?" दगडूनं विचारलं.

"विषासारखंच. खताचं."

 ओले पाय त्यानं सीटखाली ओढून घेतले होते. हळू आवाजात तो म्हणाला, "आपुन असं करू. उरलं असंल तेवढं गोळा करू, डिक्कीत टाकू अन् निघू. बकऱ्या मरत्यात, म्याडम. सापानं मरत्यात, पिशवी खाऊन मरत्यात. कुणाला काय कळतंय? मला माघारी धाडलं तर ह्या वयात परत कोयता धरावा लागंल. तानुची कंबर गेलीय."

तिला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हाच विचार तिच्या मनात ऑफिसच्या पोर्टाकॅबिनपासूनच बसला होता. रिपोर्ट फक्त तिच्या मेलमध्ये होता. नियम मोडला होता दगडूनं. कुणी विचारलंच, तर कागदावर तिचं बोट कुठंच लागत नव्हतं.

फोन वाजला. घरून विहान. "मम्मा, आर यू कमिंग फॉर लंच?"

"नाही बाळा. उशीर होईल. बाबाला सांग."

"यू साउंड फनी," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला आणि त्याच हातानं डॉ. सबाचा नंबर लावला. सबा जनावरांची डॉक्टर, मूळची रायगडातल्या म्हसळ्याची, वाढलेली इथं. आसपासच्या सगळ्या अझब्यांवर तीच जायची.

"बोला, संपदाताई. यल्ला, पटकन बोला, मी घोड्याजवळ आहे."

"हज्जाच्या बकऱ्या. तेवीस आहेत. पडल्या असतील किंवा पडतील."

"काय खाल्लं?"

दगडू तिच्याकडे बघत होता. रस्ता समोर पांढरा होता.

"ताई, काय खाल्लं ते मला आत्ता कळायला हवं. पोटफुगीचा आफरा असेल तर वेगळी बॅग, दुसरं काही असेल तर क्लिनिकवरून औषध उचलावं लागेल. उलट दिशेला आहे क्लिनिक."

"नायट्रेट," संपदा म्हणाली. "उसाचं वाढं. तीन पूर्णांक एक टक्के. आमच्या शेतातलं."

दगडूनं तोंड खिडकीकडे वळवलं.

 पलीकडे सबाचा सूर बदलला. "मेथिलीन ब्लू लागेल. माझ्याकडे फार नाही. अकरा-बारा बकऱ्यांना पुरेल."

"माझ्या कपाटात बाटली आहे. बुरशी रंगवायची."

"हात लावू नका त्याला. लॅबचा रंग शिरेत टोचलात तर तुम्हीच माराल. ऐका. मला पन्नास मिनिटं लागतील. तोवर चारा काढा, पाणी ठेवा, आणि बकऱ्यांना पळवू नका. उठवू नका, हाकलू नका, ओरडू नका. घाबरल्या, धावल्या, की तिथंच कोसळतील. समजलं? तुम्ही कितीही घाबरा. सावकाश घाबरा."

अझब्याच्या कुंपणाबाहेर गाडी थांबवून तिनं दार न आपटता लोटलं.

आत शांत होतं. तेवीस बकऱ्या, आणि एकीचाही आवाज नाही. वाढ्याचा ढीग निम्म्याच्या वर संपला होता. काही बकऱ्या माना खाली घालून उभ्या होत्या, त्यांच्या कुशी भात्यासारख्या हलत होत्या. तीन बसल्या होत्या. एक आडवी होती, तोंडाला फेस.

सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर हज्जा बसली होती, तोंडावर जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा चकचकीत बुरखा, हातात काठी. तिच्या पिढीतल्या कित्येकांसारखी तीही मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेली हिंदी बोलायची.

"दगडू!" ती खूश होऊन ओरडली. "तुम्हारा घास बहुत अच्छा. सब खा गया. अभी सो रहा है, देखो."

एक बकरी त्या आवाजानं दचकली, चार पावलं धावली आणि गुडघ्यांवर आली.

"हज्जा, आवाज नहीं," संपदा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, इतका तो बारीक निघाला. "प्लीज. धीरे. ये सो नहीं रहे. इस घास में खराबी है. हमारे खेत की घास है, खाद ज्यादा हो गया. डॉक्टर आ रही है."

हज्जाची काठी उचलली गेली आणि हवेतच राहिली. बुरख्यातून फक्त डोळे दिसत होते. ते संपदाकडून दगडूकडे गेले आणि तिथंच थांबले.

"तुम खराब घास लाया?"

दगडूनं मान डोलावली. 

मग ती पन्नास मिनिटं. पुढं कितीतरी दिवस संपदाला झोपेत तीच यायची. सगळं अंग धाव म्हणत होतं, आणि एक पाऊल उचलून ठेवायचं ते वाळूला कळू नये असं. दगडू बकऱ्यांच्या पायांतून वाढ्याचा एकेक पाचुंदा उचलायचा, छातीशी धरायचा आणि उलट्या पावली कुंपणाबाहेर न्यायचा. तोडणीत मोळी डोक्यावर घेऊन पळणारा माणूस. इथं पाऊल मोजून टाकत होता. संपदानं पाण्याची घमेली आवाज न करता सरकवली. मग ती आडव्या बकरीजवळ बसली आणि दोन बोटांनी तिचा ओठ वर केला.

हिरड्या तपकिरी होत्या. कोकोच्या रंगाच्या. पुस्तकात लिहिलेलंच होतं ते, पण पुस्तकात ओठ असा कोमट नव्हता.

"औषध सगळ्यांना पुरणार नाही," ती दगडूला कुजबुजली. "कुणाला द्यायचं ते डॉक्टर येईपर्यंत निवडून ठेवायला लागेल. हिरडी बघायची. जितकी काळी, तितकी आधी."

प्लॉटच्या पाट्यांवर लिहायचा मार्कर तिच्या खिशात होता. दगडू बकरीच्या गळ्याखाली हात घालायचा, तिच्या कानाशी "हा हा, माय, हा" असं काहीतरी पुटपुटायचा, ओठ वर करायचा. संपदा बघायची आणि शिंगावर आकडा घालायची.  अकरावीनंतर ती थांबली. बारावी आणि तेरावी तिला सारख्याच वाटत होत्या.

"ही," दगडू म्हणाला.

"कशावरून?"

"हिचे कान गार हायत. तिचे न्हाईत."

तिनं हात लावून पाहिलं. खरंच गार होते. तिनं बारा लिहिलं.

तेवढ्यात आडवी बकरी पाय ताणून एकदा थरथरली आणि थांबली. तिच्या शिंगावर एकचा आकडा होता. हज्जा खुर्चीतून उठली नाही. ओठ हलत होते, एवढंच बुरख्याच्या कडेला दिसत होतं.

सबा आली तोवर आणखी एक गेली होती. तिनं गाडी लांबच थांबवली, बॅग घेऊन चालत आली, एका बकरीच्या कानाला सुई टोचली आणि आलेला थेंब पांढऱ्या कापडावर टिपला. चॉकलेटी. "बरोबर ओळखलंत," ती म्हणाली, आणि त्यानंतर अर्धा तास फक्त आकडे बोलली. "तीन कुठाय? चार. मान धरा. पाच." निळं औषध शिरेत जायचं आणि थोड्या वेळानं श्वासाची लय बदलायची, कधी बदलायची नाही. आठ नंबर सुई आत असतानाच गेली. मेलेल्या तिघींच्या वाट्याचं उरलेलं तेरावीला आणि आणखी एकीला मिळालं.

दुपारचे दोन वाजून गेले होते. वीस बकऱ्या जिवंत होत्या. सबानं हातमोजे उलटे करून काढले.

"हे संपलेलं नाही. पोटात अजून वाढं आहे, ते विरघळत राहणार. औषध उतरलं की परत पडू शकतात, आणि माझ्याकडे आता थेंबही नाही. शारजातून मागवलंय, दिवेलागणीला, मगरिबपर्यंत येईल, इन्शाल्ला. तोवर दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकीची हिरडी बघायची. लिहून ठेवा."

सबा तिच्या घोड्याकडे परत गेली, तशी हज्जा काठी टेकत दगडूसमोर येऊन उभी राहिली. तो उठायला गेला, तर तिनं काठीनंच त्याला खाली बस म्हणून खुणावलं.

"तुम इधर बैठो," ती म्हणाली. "जब तक ये अच्छा नहीं होता, तुम घर नहीं जाएगा. मरेगा तो तुम मेरे को मुँह दिखाएगा." आणि आत जाऊन तिनं दोघांसाठी ताकाचे पेले आणून ठेवले. ते प्यावेत की नाही, हे दोघांनाही कळेना.

संपदा कुंपणापाशी गेली आणि शौकतभाईंना फोन लावला. तिला घाम आला होता, जानेवारीत. तिनं सगळं क्रमानं सांगितलं, रिपोर्टची वेळ, आकडा, तीन मेलेल्या.

"या अल्ला," शौकतभाई म्हणाले. मग मॅनेजर झाले. "वाढं बाहेर कुणी नेलं?"

दगडू दहा पावलांवर होता, चार नंबरच्या बकरीचा ओठ वर करून. त्याला ऐकू जात होतं. त्यानं वळून पाहिलं नाही, पण हात थांबला.

"दगडूभाऊंनी," ती म्हणाली.

"खलास. मॅडम, मी काय करू आता? त्याचं एक लेटर आधीच आहे. एच.आर.ला दुसरं कारण लागत नाही."

"अजून ऐका. त्या उसाला खत जास्त होतंय, हे त्यांनी मला डिसेंबरात सांगितलं होतं. पान आणून दाखवलं होतं. मी ऐकलं नाही. चारही जातींना एकच मात्रा ठेवली, ती मी ठेवली. ती नसती तर हेच वाढं खाऊन बकऱ्या धडधाकट राहिल्या असत्या. आणि तोडल्यावर ते कुठं ठेवायचं, ह्याची एक चिठ्ठीसुद्धा मी लावली नव्हती."

"हे तुम्ही मला फोनवर सांगताय."

"लिहून देते."

 शौकतभाईंच्या मागं मशिदीबाहेरची गर्दी, गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "मॅडम, मी तुम्हाला बहिणीसारखं सांगतो. तुम्ही लिहून दिलंत तर ते मी दगडूच्या फाइलला जोडीन, आणि बहुतेक त्याला ठेवून घेता येईल. पण मग मालक विचारणार, हिला ट्रायल दिलीच कशाला. तेव्हा तुम्हाला वाचवायला माझ्याकडे काही नसेल."

"माहीत आहे."

"विचार करून संध्याकाळी पाठवा."

"विचार केलाय. संध्याकाळी मी इथं असेन. आत्ता पाठवते."

तिनं तिथंच, कुंपणाच्या खांबाला टेकून, फोनवर लिहिलं. नऊ ओळी झाल्या. तारीख, जात, मात्रा, दगडूनं सांगितल्याचा दिवस. तो तिला नेमका आठवत नव्हता, म्हणून "डिसेंबरचा दुसरा आठवडा" असं घातलं. रिपोर्ट जोडला. आणि मेल पाठवून दिली.

ती परत आली तेव्हा दगडूनं वाळूवर एक पोतं अंथरलं होतं.

"नाव घेतलंत माझं," तो म्हणाला.

"घेतलं."

"अन् तुमचंबी."

"हो."

त्यानं पोत्याचं टोक सारखं केलं. "मग बसा की, म्याडम. उभ्यानं भिऊन पाय दुखत्यात."

ती बसली. हसू आलं नाही, पण पाय खरंच दुखत होते. धुकं उठून डोंगराची कड उघडी पडली होती, आणि उन्हात बकऱ्यांच्या सावल्या वाळूवर अगदी स्थिर होत्या. कुठली सावली हलते, हेच दोघं बघत राहिली. मग तिनं घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं झाली होती. दगडूनं चार नंबरच्या गळ्याखाली हात घातला, "हा माय, हा" म्हणाला आणि ओठ वर केला. संपदानं वही मांडीवर घेतली, आणि मनाचा धडा करून त्या हिरडीकडे बघायला वाकली.